खोगीरभरती

निरुपयोगी गोष्टीला आपण 'खोगीरभरती' म्हणतो. मला ते पटत नाही. कसे ते सांगतो. फार पूर्वी असीरियाचे स्वार घोड्यावर नुसते कापड टाकून बसत. पुढे, सुमारे २४०० वर्षांपूर्वी, अल्ताई पर्वतातील लोकांनी भरती घालून दोन उशांचे खोगीर केले. एक उशी कण्याच्या डावीकडे, दुसरी उजवीकडे. त्यामुळे कण्यावर भार येईना. पण रिकीब नव्हती. चीनमध्ये इ.स. ३२२ च्या थडग्यातील मातीच्या घोड्याला दोन्ही बाजूंना रिकिबी आहेत. रिकिबीने स्वाराची सोय झाली, भरतीने घोड्याची. भरती दबली की पाठ सोलते. म्हणून आमच्या घोडीवर खोगीर चढवण्याआधी मी भरती हाताने चाचपून बघतो. मुक्या जनावराला दुखले तरी सांगता येत नाही.