मात्रा आणि मातृत्व

१९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईत आल्या. गिरणीकामगार गर्भवतींना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचे मूळ त्यांना निकृष्ट आहारात सापडले. यीस्टचा स्वस्त अर्क देताच रुग्ण स्त्रिया सुधारू लागल्या. त्यातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज चेन्नई असो वा चंद्रपूर, सरकारी दवाखान्यांत गर्भवतींना लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या मोफत मिळतात.

मात्र प्रत्येक पूरक द्रव्य निर्धोक नसते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. काही भस्मयुक्त औषधांत शिसे आढळले आहे. ‘शक्तिवर्धक’ किंवा ‘नैसर्गिक’ हे शब्द सुरक्षिततेची हमी नव्हेत. म्हणून कोणतेही पूरक द्रव्य डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व ठरलेल्या मात्रेतच घ्यावे.