मोटारीचा श्वास : थंड हवेचा हिशेब

मोटार पेट्रोलवर चालते असें आपण सर्वजण म्हणतों. हें म्हणणें खोटें नाहीं, परंतु तें अर्धेंच खरें आहे. एक किलोग्रॅम पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें पावणेपंधरा किलोग्रॅम हवा लागते. वजनाच्या हिशेबानें पाहिलें तर एंजिनाचा मुख्य आहार हवा हाच असून पेट्रोल हें केवळ तोंडीं लावण्यापुरतें आहे. पेट्रोलास पैसा पडतो म्हणून त्याची आठवण राहते; हवा फुकट मिळते म्हणून तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

जुन्या मोटारी हौसेनें जतन करणारे लोक मात्र या हवेचा पुष्कळ विचार करतात. बॉनेटखालची तापलेली हवा एंजिनास न देतां बाहेरची थंड हवा नळीनें आणून द्यावी, म्हणजे गाडीचा जोम वाढतो, असें ते सांगतात. आणि अशा नळ्या व पेट्या विकणारे दुकानदार तेंच अधिक मोठ्यानें सांगतात. या सांगण्यांत खरें किती, आणि ही सुधारणा करतांना काय सांभाळावें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं शाळेंत शिकलेल्या पदार्थविज्ञानाच्या आधारें स्वतः ठरवावें, असा या लेखाचा हेतु आहे. जुन्या गाडीचे भाग सहजासहजीं मिळत नाहींत. एंजिन अविचारानें बिघडलें तर वडिलांनीं वर्षानुवर्षें सांभाळलेली वस्तु एका उन्हाळ्यांत मोडींत जाते. म्हणून हा हिशेब केवळ पाटीवरचा नव्हे.

उदाहरणादाखल एक गाडी घेऊं. इंग्लंडांतील अ‍ॅबिंग्डन गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत एम. जी. बी. नांवाची लहान, चपळ मोटार तयार होत असे. तिच्या एंजिनास चार सिलिंडर असून त्यांची एकंदर जागा १७९८ घन सेंटिमीटर आहे. आपल्याकडील अँबॅसडर गाडी २०१४ पर्यंत बंगालमधील उत्तरपाडा येथें होत असे. तिचें १४८९ घन सेंटिमीटरचें जुनें पेट्रोल एंजिन याच कुळांतलें. ज्यांनीं अँबॅसडरचें बॉनेट उघडून पाहिलें आहे, त्यांस एम. जी. बी.चें एंजिन परकें वाटणार नाहीं.

या कुळाचा एक विशेष आहे. हवा व पेट्रोल आंत जाण्याची वाट आणि जळलेला धूर बाहेर पडण्याची वाट, या दोन्ही वाटा एंजिनाच्या एकाच बाजूस आहेत. त्यामुळें एम. जी. बी.चे दोन्ही कार्ब्युरेटर धुराच्या तापलेल्या लोखंडी नळ्यांच्या शेजारींच बसतात. समोरून रेडिएटरमधून तापून आलेला वाराही तेथेंच शिरतो. अशा जागीं एंजिन जो श्वास घेतें तो गरमच असावयाचा.

आतां गरम हवेनें बिघडतें काय, तें पाहूं. दाब तोच राहिला तर हवेचें आकारमान निरपेक्ष उष्णतामानाच्या प्रमाणांत वाढतें, हा चार्ल्सचा नियम आपण शिकलां आहां. निरपेक्ष उष्णतामान काढण्यास नेहमींच्या अंशांत २७३ मिळवावे. समजा, बाहेरची हवा ३० अंशांवर आहे आणि बॉनेटखालची ६० अंशांवर. म्हणजे ३०३ आणि ३३३. एक घनमीटर कोरडी हवा ३० अंशांवर सुमारें १.१६५ किलोग्रॅम भरते. तीच ६० अंशांवर सुमारें १.०६ किलोग्रॅम भरते. भांडें तेवढेंच, पण आंतील माल शेंकडा ९ नें कमी. दूधवाल्यानें माप पुरें घालावें, पण दुधांत पाणी असावें, तसाच हा प्रकार होय.

एंजिनाचा प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदां हवा घेतो. फेरे मिनिटास ५००० असतां आपलें एंजिन मिनिटास २५०० वेळां १७९८ घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारें साडेचार घनमीटर जागा भरूं पाहतें. ती पूर्ण भरली असें धरल्यास ३० अंशांच्या हवेंत ५.२४ किलोग्रॅम, आणि ६० अंशांच्या हवेंत ४.७६ किलोग्रॅम माल आंत जातो. मिनिटास जवळजवळ अर्ध्या किलोचा हा फरक. थंड हवेची बाजू मांडणारे लोक येथपर्यंत अगदीं बरोबर आहेत.

परंतु येथेंच थांबून "शक्ति शेंकडा १० नें वाढली" असें म्हणणें घाईचें होईल. थंड हवा आंत शिरतांना तापलेल्या नळीवरून व सिलिंडराच्या भिंतींवरून जाते आणि वाटेंत पुनः कांहीं तापते. तिचा थोडा लाभ तेथेंच सांडतो. म्हणून एंजिनांची शक्ति मोजणारे अभियंते उष्णतामानाच्या प्रमाणाचें वर्गमूळ घेण्याचा प्रघात पाळीत आले आहेत. ३३३ भागिले ३०३ म्हणजे १.०९९, त्याचें वर्गमूळ १.०४८. म्हणजे लाभ शेंकडा पांचांच्या आंत. आरंभींच्या एम. जी. बी.ची शक्ति निर्मात्यांनीं ९५ अश्वशक्ति सांगितली होती. तीवर ही वाढ फार तर साडेचार अश्वशक्तींची. शिवाय गाडी मोकळ्या रस्त्यावर धांवूं लागली कीं बॉनेटखालीं वारा खेळतो आणि फरक ३० अंशांचा राहत नाहीं. तो १० अंशांवर आला तर लाभ दीड अश्वशक्तीवर येतो. लाभ खरा आहे, पण लहान आहे. आणि तो गर्दींत खोळंबलेल्या गाडीस अधिक व धांवत्या गाडीस कमी मिळतो.

कांहीं जण म्हणतात, नळीचें तोंड समोर ठेवलें म्हणजे वारा आपण होऊन हवा आंत दाबतो. हाही हिशेब करून पाहूं. वेग ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदास २७.८ मीटर. वाऱ्याचा दाब म्हणजे हवेच्या घनतेची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. हा सुमारें ४५० पास्कल येतो. वातावरणाचा दाब १,०१,३२५ पास्कल आहे. म्हणजे हजारांत साडेचार! एवढ्यानें गाडीचा जोम वाढत नाहीं. उलट, हवेच्या पेटींत हा दाब सांचला आणि कार्ब्युरेटरच्या पेट्रोलकुंडीचें श्वासछिद्र पेटीच्या बाहेर राहिलें, तर पेट्रोल पुरतें वर चढत नाहीं. म्हणून बंद पेटी बसविल्यास तें छिद्रही पेटीशींच जोडावें.

आतां ही सुधारणा नीट कशी करावी तें सांगतों. पहिलें काम नळीचें नव्हे, आडोशाचें. धुराच्या नळ्या व कार्ब्युरेटर यांमध्यें पत्र्याचा पडदा शाबूत आहे कीं नाहीं तें पाहावें. नसल्यास प्रथम तो बसवावा. नंतर रेडिएटरच्या पुढून अथवा कडेनें, जेथें हवा अद्याप तापलेली नाहीं तेथून, नळी आणावी. रेडिएटरच्या मागून आणलेली नळी ही नुसती शोभा होय. नळी पुरेशी रुंद असावी. पूर्ण वेगांत सेकंदास सुमारें ७५ लिटर हवा जावयाची आहे. ती ६० मिलिमीटरच्या नळींतून जातांना ७५ मिलिमीटरच्या नळीपेक्षां सुमारें अडीच पट अडथळा सोसते. धूळ गाळणारी गाळणी कधींही काढूं नये. आपल्या रस्त्यांवरील धूळ सिलिंडरांत गेल्यास तेलांत मिसळून कानशीप्रमाणें काम करते. आणि शेवटचें म्हणजे, गाडीच्या मूळ पत्र्यास नवीन भोंक पाडूं नये. जें बसवावयाचें तें पुनः काढतां येईल असें बसवावें, म्हणजे गाडीचें मूळ रूप पुढच्या पिढीस मिळेल.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. हवा अधिक दिली, पण पेट्रोल तितकें दिलें नाहीं, तर काय होईल? जुना कार्ब्युरेटर हवेचें वजन करीत नाहीं. तिच्या ओघाच्या ओढीनें तो पेट्रोल सोडतो, आणि हें सुटणें त्या ओढीच्या वर्गमुळाप्रमाणें असतें. हवा शेंकडा १० नें जड झाली तर पेट्रोल शेंकडा ५ नेंच वाढतें. म्हणजे मिश्रण आपोआप पातळ होतें. जें मिश्रण आधींच कांठावर होतें तें आतां कांठापलीकडे जातें. तें सावकाश जळतें, धुराची उष्णता वाढते, झडपांच्या कडा जळतात आणि प्रसंगीं दट्ट्यासही इजा पोंचते. चालकास आरंभीं कांहीं कळत नाहीं. किंबहुना नव्या नळींतून हवा ओढण्याचा आवाज मोठा येतो, आणि गाडी जोरांत चालली असें त्यास वाटतें. कान फसतात, झडप फसत नाहीं.

म्हणून नळी बसविल्यावर मिश्रण तपासलेंच पाहिजे. एम. जी. बी.च्या कार्ब्युरेटरांत वरखालीं सरकणारा एक दट्ट्या असतो. एंजिन तापून सावकाश चालत असतां तो बाजूच्या लहान खुंटीनें पाऊण मिलिमीटर वर उचलावा. एंजिन मंदावून बंद पडूं लागलें तर मिश्रण पातळ आहे. वेग वाढून तसाच राहिला तर दाट आहे. क्षणभर किंचित् वाढून पुनः पूर्ववत् झाला तर बरोबर आहे. ही परीक्षा सावकाश चालण्यापुरती झाली. चढणीवर भार घेतांना मिश्रण कसें आहे, तें ठिणगीच्या प्लगावरून ओळखावें. तो फिकट तपकिरी असल्यास ठीक. काजळला असल्यास पेट्रोल अधिक. पांढरा पडला असल्यास पेट्रोल कमी. पांढरा प्लग दिसल्यावर जाणत्या मिस्त्रीकडून कार्ब्युरेटरची सुई बदलून घेईपर्यंत गाडी जोरांत हांकूं नये.

येथें कोणी विचारील, गरम हवा इतकी वाईट, तर निर्मात्यांनीं ती ठेवलीच कां? थंड व दमट देशांत पेट्रोल उडून जातांना कार्ब्युरेटर इतका गार होतो कीं हवेंतील ओल आंत गोठून बर्फ बनते आणि वाट बंद होते. यासाठीं मिनी नांवाच्या इंग्रजी गाडीच्या गाळणीचें तोंड हिवाळ्यांत धुराच्या नळीकडे व उन्हाळ्यांत तिच्यापासून दूर फिरविण्याची सोय केलेली असे. निर्माते अडाणी नव्हते. ते निराळ्या हवेचा विचार करीत होते. कोणत्याही जुन्या रचनेस नांवें ठेवण्यापूर्वीं ती कोणत्या अडचणीवर काढली होती, हें विचारण्याची संवय बरी.

आपल्याकडे बर्फाची भीति नाहीं; पण पावसाळ्याची आहे. थंड हवा खालीं मिळते म्हणून कित्येक जण नळीचें तोंड पुढच्या बंपराखालीं नेतात. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां मुंबईच्या रस्त्यांवर पाणी किती चढलें हें पालकांस स्मरत असेल. हवा दाबली जाते. पाणी दाबलें जात नाहीं. एम. जी. बी.च्या एंजिनाचें दाबाचें प्रमाण ८.८ आहे, त्यावरून दट्ट्या अगदीं वर आला असतां प्रत्येक सिलिंडरांत उरणारी जागा सुमारें ५८ घन सेंटिमीटर निघते. म्हणजे चार मोठे चमचे! त्याहून थोडें अधिक पाणी आंत गेलें कीं दट्ट्या वर येऊं शकत नाहीं आणि त्यास जोडलेला दांडा वांकतो. दीड अश्वशक्तीसाठीं एवढा धोका पत्करणें शहाणपणाचें नव्हे. नळीचें तोंड उंच ठेवावें.

शेवटीं एक सूचना. पैसे खर्च करण्यापूर्वीं दोन थर्मामीटर आणावे. एक बाहेर सांवलींत धरावा आणि दुसरा गाळणीच्या तोंडाशीं बांधावा. गाडी उभी असतां, शहरांत चालतांना आणि मोकळ्या रस्त्यावर, असें तीन वेळां वडीलधाऱ्यांच्या देखत मोजावें. चालकानें रस्त्याकडे पाहावें. आंकडे दुसऱ्यानें टिपावे. फरक पांच-सात अंशांचाच निघाला तर पैसे राखावे आणि त्यांतून नवीन गाळणी व चांगले प्लग घ्यावे. फरक तीस अंशांचा निघाला तर आडोसा व नळी यांचा विचार करावा. सुधारणा केल्यावर पुनः तसेंच मोजावें. शेंकडा पांचांचा फरक एकाच खेपेंत डोळ्यांस दिसत नाहीं. त्यास अनेक वेळां मोजून सरासरी काढावी लागते. पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलानें जाहिरात दाखविल्यास त्यास रागें भरूं नये आणि लागलीच पैसेही देऊं नयेत. "आधीं मोजून दाखव" एवढेंच म्हणावें.

ज्यांस सराव हवा असेल त्यांनीं अँबॅसडरच्या १४८९ घन सेंटिमीटरच्या एंजिनाचा हिशेब करावा. फेरे मिनिटास ४००० असतां मिनिटास २,९७८ लिटर जागा भरावयाची असते. ३० व ६० अंशांवर त्या हवेचें वजन किती, आणि तिला पेट्रोल किती लागेल, हें काढून वर्गांत आणावें.