यादी आणि तिचा क्रम

अनेक संगणकांची देखभाल करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर यंत्रांची व नोंदींची यादी पडद्यावर असते. तिचा क्रम विस्कळीत दिसला की नोंदीच बिघडल्या, असा समज होतो. वस्तुतः नोंदी बहुधा शाबूत असतात. दोष असतो तो तुलनेच्या नियमात.

लखनौतील गोमती नगर या वसाहतीतील अनेक खंडांची नावे ‘वि’ने सुरू होतात. देवनागरीत त्यांपैकी काहींचा क्रम विकास, विजय, विनय, विभूती, विवेक, विशाल असा लागतो. तीच नावे रोमन लिपीत लिहिली असता विभूती, विजय, विकास, विनय, विशाल, विवेक असा क्रम येतो. दोन्ही क्रम आपापल्या नियमाप्रमाणे बरोबरच आहेत.

आता या खंडांतील यंत्रांना १ ते १२ क्रमांक दिले, असे समजा. संगणकाने ते मजकूर म्हणून वाचले, तर १, १०, ११, १२, २, ३ असा क्रम दिसेल. कारण मजकुराची तुलना डावीकडून एकेका चिन्हाची होते. जेथे प्रथम भेद आढळतो, तेथेच निर्णय लागतो. तो रकाना संख्येचा आहे असे ठरवून द्यावे, अथवा ०१, ०२ असे लिहावे.

तारखांच्या बाबतीत हाच दोष घातक ठरतो. मजकूर म्हणून १२-०२-२०२३ ही तारीख ०५-११-२०२४ हिच्यापेक्षा मोठी ठरते. राखीव प्रतींच्या उतरत्या यादीत वरची प्रत ताजी समजून बाकीच्या पुसल्या, तर नवी प्रत नष्ट होऊन जुनीच हाती उरते. म्हणून वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहावी; आय. एस. ओ. ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक हीच रीत सांगते.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. युनिकोड या संकेतावलीत ‘ळ’चे स्थान ‘ल’नंतर व ‘व’पूर्वी आहे, त्यामुळे केवळ संकेतांकांनुसार ‘हळद’ हा शब्द ‘हवा’च्या आधी येतो. मराठी वर्णमालेत मात्र ‘ळ’ ‘ह’नंतर येतो, म्हणून ‘हवा’ आधी हवा. येथे मराठीचा क्रमनियम निवडावा लागतो.

तात्पर्य, क्रम चुकलेला दिसताच रकान्याचा प्रकार, तारखेची रीत व भाषा या तीन गोष्टी तपासाव्यात. क्रम संपूर्ण यादीला लागला आहे की समोरच्या पानापुरताच, हेही पाहावे. तोवर एकही नोंद पुसू नये.