मुदतीबाहेरचे दिवस

सप्तापूर, धारवाड

चि. सौ. मनूस,


काल अक्काचा फोन आला. जावईबुवांनी तुला अमेरिकेला नेण्यासाठी कागदपत्रं जमवायला घेतली आहेत. २०२० साली तू तिथे परवानगीपेक्षा जास्त राहिलीस, ते अर्जात लिहायचं की नाही यावरून घरात दोन तट पडलेत म्हणे. कुणा ओळखीच्या कन्सल्टंटने सासूबाईंना सल्ला दिलाय, ‘आपण होऊन कशाला सांगायचं? विचारलं तर बघू.’ माझं मत आधीच सांगून टाकतो. लिहायचं, आणि तारखांसकट लिहायचं. का, ते खाली वाच. तोवर कुठल्याही कागदावर सही करू नकोस.

मी काही अमेरिकेचा वकील नव्हे. माझी उभी हयात धारवाडच्या कोर्टात वाटणीचे आणि जमिनीचे दावे लढण्यात गेली. पण तू तिकडे अडकलीस तेव्हा अक्काच्या डोळ्याला डोळा लागेना, म्हणून तो कायदा मी वाचून काढला. कायदा कुठलाही असो, प्रश्न मुदतीचा असला की वाद बाजूला ठेवून आधी तारखा मांडायच्या.

तर तारखा मांडू. तुझ्या पासपोर्टवर १० वर्षांचा व्हिसा चिकटवलेला होता, आणि ‘व्हिसा अजून आहे की’ असं घरात सगळेच म्हणत होते. व्हिसाची तारीख विमानतळापर्यंत पोचण्यापुरती. आत किती दिवस राहायचं ते तिथला अधिकारी उतरल्यावर ठरवतो, आणि ती नोंद आय-९४ नावाच्या कागदावर असते. हल्ली ती संगणकावरच असते, तुलाही बघता येते. पाहुण्यांना बहुधा सहा महिने देतात. तू ३१ ऑक्टोबर २०१९ ला उतरलीस, तुला ३० एप्रिल २०२० पर्यंतची परवानगी होती. मार्चअखेर आपल्याकडची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली, मे महिन्यात ‘वंदे भारत’ची सुरू झाली, आणि तुला तिकीट मिळून तू निघालीस ती १२ डिसेंबरला. १ मेपासून मोजलं तर सव्वादोनशेच्या आसपास दिवस भरतात.

आता कायदा. १९९६ पर्यंत मुदत ओलांडलेला माणूस मायदेशी येऊन नवा व्हिसा मागू शकत असे, आणि बऱ्याचदा तो मिळतही असे. त्या वर्षी क्लिंटन यांच्या सहीने नवा कायदा झाला आणि १ एप्रिल १९९७ पासून दिवस मोजायला सुरुवात झाली. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाच्या आत असेल आणि माणूस आपण होऊन देश सोडून गेला असेल, तर ३ वर्षं प्रवेशबंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त असेल तर १० वर्षं. ही बंदी सुरू होते देश सोडल्याच्या दिवसापासून. तुझ्या बाबतीत ती फार तर ३ वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये संपलेली. ज्या शिक्षेच्या धास्तीने सासरी कुजबूज चाललीय, ती तू पुण्यात बसून केव्हाच भोगून संपवली आहेस.

कदाचित ती तुला लागलीही नसेल. भावोजींनी एप्रिलमध्ये मुदतवाढीचा अर्ज टाकला होता, असं अक्काला अंधुक आठवतंय. हा अर्ज, म्हणजे आय-५३९, मुदत संपायच्या आत पोचला असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंतचे दिवस साधारणपणे बेकायदा धरत नाहीत. मधेच नामंजूर झाला असेल तर दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू. मुदत उलटल्यावर टाकलेला अर्जही अपवादात्मक परिस्थिती पाहून तिथले अधिकारी मंजूर करू शकत होते, आणि करोनाचा काळ तसा होता. पण नुसता करोना होता म्हणून दिवस आपोआप माफ झाले, असं नाही. तेव्हा भावोजींना अर्जाची पावती आणि निकालाचं पत्र शोधायला सांग. पावतीवरची तारीख ३० एप्रिलच्या अलीकडची की पलीकडची, यावर तुझे दिवस ठरतील. तुझ्याबरोबर अडकलेल्या धाकट्या भावाची काळजी मात्र नको. तो तेव्हा १६ वर्षांचा होता, आणि १८ वर्षं पूर्ण होण्याआधीचे दिवस या बंदीसाठी धरत नाहीत.

तू म्हणशील, मामा, बंदी संपलीय तर जुनं उकरायचंच कशाला? कारण तिथल्या अर्जात हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. डीएस-२६० भरताना तू कधी तिथे बेकायदा राहिलीस का, याला हो की नाही असं उत्तर द्यावं लागतं, आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला उभी राहिलीस की शपथेवर बोलावं लागतं. तुझं येणं-जाणं त्यांच्या संगणकात आहे. महत्त्वाची बाब जाणूनबुजून खोटी सांगून व्हिसा मागितला असं ठरलं, तर त्या बंदीला वर्षांची मर्यादा नाही, ती जन्मभराची. तिच्यातून सूट मागता येते, पण त्यासाठी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नवऱ्याला किंवा आईवडिलांना असाधारण हाल सोसावे लागतील हे सिद्ध करावं लागतं, आणि नवराबायकोला एकमेकांवाचून करमत नाही एवढं त्याला पुरत नाही. संपलेली ३ वर्षं झाकायला जन्मभराची बंदी ओढवून घेणं हा कुठला व्यवहार?

आमच्या सप्तापुरात स्पर्धापरीक्षांच्या क्लासच्या पाट्यांत हल्ली परदेशी पाठवणाऱ्यांच्या पाट्याही मिसळल्यात. पोरं तिथे फॉर्म भरून घेतात आणि न वाचता सही ठोकतात. भरणाऱ्याची फी सुटते, जाब सही करणाऱ्याला द्यावा लागतो. म्हणून एक विचारतो, रागावू नकोस. २०२० नंतर तू कुठल्याही देशाचा व्हिसा मागितला होतास का? त्या फॉर्मवर ‘पूर्वी कुठे मुदतीपेक्षा जास्त राहिलात का’ यापुढे काय लिहिलं होतं? कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया हे देश अमेरिकेशी अशी माहिती वाटून घेतात. तिथे ‘नाही’ लिहिलं गेलं असेल तर मला सांगायला लाजू नकोस, आणि वकिलाला तर पहिल्याच बैठकीत सांग.

आणखी दोन सल्ले तुला हमखास मिळतील, दोन्ही ऐकू नकोस. पहिला, ‘पाहुणी म्हणून जा आणि तिथेच कागद करून घे.’ तुझा तो १० वर्षांचा व्हिसा परवानगी ओलांडली त्याच दिवशी कायद्याने रद्द झाला असण्याची शक्यता आहे, तो पासपोर्टवर चिकटवलेला असला तरी. आणि कायमचं राहायचं मनात ठेवून पाहुणी म्हणून नवा व्हिसा मागणं हेही खोटंच. दुसरा सल्ला, ‘एडिसनमधल्या अमकीने वर्षानुवर्षं मुदतीबाहेर काढली, तिला घरबसल्या ग्रीनकार्ड मिळालं.’ मिळालं असेल. रीतसर तपासणी होऊन आत आलेली आणि नागरिकाशी लग्न झालेली व्यक्ती देश न सोडता तिथेच अर्ज करू शकते, तिचे जास्तीचे दिवस त्याला आड येत नाहीत. ती बंदी देश सोडल्यावर लागते, आणि ती बाई देशाबाहेर पडलीच नाही. तू पडलीस. तिचा रस्ता तुझ्या उपयोगाचा नाही.

नावाचाही गोंधळ बघ. लग्नात जावईबुवांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने तुझं नवं नाव लिहिलं, फोटोही काढले, पण पासपोर्टावर माहेरचंच नाव आहे. पत्रिकेवर लाडकं नाव, दाखल्यावर तिसरंच. अर्जात ‘यापूर्वी वापरलेली नावं’ असा रकाना असतो, त्यात ही सगळी लिही. जुना पासपोर्ट रद्दीत जाऊ देऊ नकोस. अमेरिका बाहेर पडताना शिक्का मारत नाही, म्हणून तू कधी निघालीस त्याचा हाताशी असलेला चांगला पुरावा म्हणजे त्या पासपोर्टवरचा आपल्या विमानतळाचा आगमनाचा शिक्का. ३ वर्षं त्या प्रवासापासूनच मोजायची आहेत. विमानाचं तिकीटही सापडलं तर जोड.

जावईबुवांकडे आज ग्रीनकार्ड आहे. ते असतानाच तुझ्यासाठी आय-१३० हा अर्ज टाकता येतो, आणि उद्या ते नागरिक झाले तर तोच अर्ज नागरिकाच्या बायकोच्या वर्गात जातो. त्या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. त्यामुळे नागरिकत्वाची वाट बघत अर्ज अडवून ठेवायचं कारण दिसत नाही. पण हे त्यांनी तिथल्या इमिग्रेशनच्या वकिलाकडून पक्कं करून घ्यावं. वकील सनदवाला हवा, नुसता फॉर्म भरणारा नको. नियम आणि प्रथा बदलत राहतात, माझं वाचन त्या जागी पुरायचं नाही.

आता एक काम कर. कोऱ्या कागदावर चार तारखा लिही: उतरलीस ती, परवानगी संपली ती, मुदतवाढीचा अर्ज पोचला ती, आणि परत निघालीस ती. प्रत्येकीसमोर तिचा पुरावा कुठे आहे ते लिही. जिथे पुरावा नाही तिथे ‘नाही’ असं लिही, अंदाज नको. त्याखाली मराठीत पाच-सहा ओळींत जे घडलं ते सरळ लिही. ‘फसवलं’, ‘अन्याय झाला’ असलं काही नको. तो कागद सासूबाईंना वाचून दाखव. त्यांना भीती गुन्ह्याची वाटतेय, आणि तारखा समोर आल्या की हा हिशेब आहे एवढं त्यांच्याही लक्षात येईल. मग तोच कागद वकिलाकडे जाऊ दे.

जावईबुवांना आशीर्वाद, सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझा,
मामा

ता. क. तुझा जन्म धारवाडचा, तेव्हा जन्मदाखला हुबळी-धारवाड महानगरपालिकेकडून मीच काढतो. जुन्या नोंदींत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. तसं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घेऊ, मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात धावपळ नको. पोलीस क्लिअरन्स मात्र तू पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयातूनच घे.