सुरमा, मेहंदी, अत्तर : परदेशी माल पाठविण्यापूर्वी

दुबईत, जेद्दाहमध्ये किंवा लंडनमध्ये राहणारा नातेवाईक सुट्टीत नगरला येतो, कापडबाजारात एक फेरी मारतो आणि परत निघताना म्हणतो, "भाईजान, तिकडे आपल्या मेहंदीच्या कोनाला आणि सुरम्याला फार मागणी आहे. दोनशे नग पाठवून द्या, मी दुकानात ठेवतो." जिल्ह्यातील अनेक घरांत निर्यातीची पहिली कल्पना अशीच निघते. कल्पना वाईट नाही. परंतु घरच्या माणसाच्या पिशवीतून गेलेली भेटवस्तू आणि दुकानात विक्रीसाठी गेलेला माल यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हा फरक पहिली खेप बंदरात अडकल्यावर कळला तर भांडवलच जाते. म्हणून या आठवड्यात आम्ही याच विषयाकडे वळत आहोत.

सुरुवात सुरम्यापासून करू, कारण सर्वाधिक गैरसमज याच वस्तूबद्दल आहेत. हदीसमध्ये 'इस्मिद'चा उल्लेख आहे, हे आपण सर्वजण जाणतो. इस्मिद म्हणजे अँटिमनीचा दगड, असा अर्थ सर्वसाधारणपणे सांगितला जातो. बाजारात सुरमा म्हणून जो चकाकणारा काळा दगड दळून विकला जातो, तो मात्र पुष्कळदा गॅलेना, म्हणजे शिशाचा सल्फाइड असतो. दिसायला दोन्ही सारखेच. अनेक देशांतील तपासण्यांत अशा सुरम्यात वजनाच्या निम्म्याहून अधिक शिसे आढळले आहे. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे. डोळ्याला लावलेला सुरमा चोळला जातो, तोच हात तोंडात जातो. आपल्याकडे तान्ह्या बाळालाही सुरमा घालतात, ही गोष्ट आम्हाला निर्यातीपेक्षाही मोठी वाटते.

आता कायदा पाहू. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मंजूर रंगद्रव्यांच्या यादीत सुरमा नाही. त्यामुळे त्यात शिसे किती, हा प्रश्न पुढचा. सुरमा म्हणून आलेला माल मुळातच बेकायदेशीर ठरतो आणि बंदरावर रोखला जातो. दिव्यावर धरलेली काजळीही तेथे चालत नाही. काळ्या कार्बनचा एकच विशिष्ट शुद्ध प्रकार मंजूर आहे आणि त्याच्या प्रत्येक घाण्याचे प्रमाणपत्र लागते. युरोपीय संघाच्या नियमांत शिसे व त्याची संयुगे निषिद्ध आहेत. येथे वाचकांनी एक बाब नीट लक्षात घ्यावी : त्याच निषिद्ध यादीत अँटिमनी व त्याची संयुगेही आहेत. म्हणजे "आमचा सुरमा अस्सल इस्मिदचा आहे" असे सिद्ध केले तरी युरोपचे दार उघडत नाही, उलट आपण स्वतःच कबुली दिल्यासारखे होते. ज्यांना डोळ्यांच्या प्रसाधनातच राहायचे आहे त्यांनी लोहाचा काळा ऑक्साइड वापरून काजळ करावे. हे रंगद्रव्य दोन्हीकडे मान्य आहे. त्या वस्तूला मग सुरमा म्हणू नये, हे ओघानेच आले.

मेहंदीची गोष्ट वेगळी आहे. राजस्थानातील सोजतची पूड आणून येथे कोन भरणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. अमेरिकेत मेहंदी मंजूर आहे ती फक्त केस रंगविण्यासाठी. हातावर लावण्यासाठी नाही. ज्या देशात लाखो हात ईदला रंगतात तेथे हा नियम विचित्र वाटेल, पण तो आहे, आणि कोनावर वधूच्या हाताचे चित्र छापले की माल कोणत्या वापरासाठी आहे हे अधिकाऱ्याला वेगळे विचारावे लागत नाही. 'काळी मेहंदी' तर कोणीही पाठवू नये. त्यात पीपीडी नावाचे केसांच्या कलपातील रसायन असते. युरोपात ते कलपातच, तेही २ टक्क्यांच्या मर्यादेत चालते, कातडीवर नाही. त्याने हातावर फोड येतात, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे साधा कलपही सोसत नाही.

अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात सौंदर्यप्रसाधनांचा कायदा बदलला. कारखान्याची नोंदणी, प्रत्येक वस्तूची यादीत नोंद, परदेशी कारखान्यासाठी तेथे राहणारा एजंट आणि वस्तू सुरक्षित असल्याचा पुरावा या बाबी आता लागतात. तेथील वार्षिक विक्री सरासरी १० लाख डॉलरहून कमी असणाऱ्यांना नोंदणीतून सूट आहे, आणि दलाल मंडळी ही सूट मोठ्याने सांगतात. ते जे सांगत नाहीत ते असे : डोळ्याच्या आतील ओल्या त्वचेला लागणाऱ्या वस्तूंना, तसेच २४ तासांहून अधिक काळ रूप बदलणाऱ्या वस्तूंना ही सूट मिळत नाही. काजळ पहिल्या प्रकारात बसते. दुसरे असे की, या नोंदणीला सरकारी शुल्क नाही आणि अमेरिकन सरकार नोंदणीचे प्रमाणपत्रही देत नाही. सोनेरी किनारीचा कागद देऊन कोणी पैसे मागत असेल तर तो त्याचा स्वतःचा छापील कागद होय.

अत्तराबाबत थोडक्यात. मोठ्या डब्यातून ग्राहकासमोर शिशी भरून देणे ही किरकोळ विक्री झाली. पण शिश्या भरून, आपले लेबल लावून विक्रीसाठी बाहेर पाठविणे म्हणजे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार उत्पादनच, आणि त्याला परवाना लागतो. २०२० च्या नियमांप्रमाणे अर्ज राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करायचा असतो. आपल्याकडे हा परवानाच नसेल तर परदेशी नियमांची चर्चा व्यर्थ आहे, कारण खरेदीदार पहिला कागद तोच मागतो. युरोपसाठी तेल पुरविणाऱ्याकडून घटकांचा लेखी तपशील घ्यावा. 'लिलिअल' नावाचा सुगंधी घटक तेथे १ मार्च २०२२ पासून बंद आहे आणि स्वस्त तयार अत्तरांत तो असू शकतो. अ‍ॅलर्जी करणारे जे सुगंधी घटक लेबलवर लिहावे लागतात, त्यांची यादीही ८० च्या वर गेली आहे. नव्या वस्तूंना ती ३१ जुलै २०२६ पासून लागू आहे. पुरवठादार "कंपनीचे गुपित आहे" म्हणाला, तर तेल दुसरीकडून घ्यावे.

संगमनेरी शेळीच्या दुधाचा साबण करणाऱ्यांनी शब्द जपून वापरावेत. अमेरिकेत साधा साबण फक्त 'साबण' म्हणून विकला तर तो सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात येत नाही. 'त्वचा मऊ करतो' लिहिले की येतो. 'इसब बरा करतो' लिहिले की तो औषध ठरतो! युरोपात मात्र अंगाचा साबण कसाही असला तरी प्रसाधनच.

हलाल प्रमाणपत्राविषयी वाचक नेहमी विचारतात. इंडोनेशियाने २०१४ च्या कायद्याखाली प्रसाधनांसाठी १७ ऑक्टोबर २०२६ ही मुदत ठरविली आहे, तेव्हा त्या बाजारात ते लागेलच. पण हलालच्या शिक्क्याने शिशाची तपासणी होत नाही आणि शिशाच्या तपासणीने चरबी कोणत्या प्राण्याची हे कळत नाही. दोन्ही कागद वेगवेगळे घ्यावेत. आखातातही आयातदाराला तेथील सरकारी यंत्रणेत मालाची नोंद करावी लागते.

घरचे कागद तसे सोपे आहेत. आयात-निर्यात क्रमांक ५०० रुपयांत, घरबसल्या मिळतो. १९६३ पासून मुंबईत असलेली केमेक्सिल ही निर्यात परिषद रसायनांबरोबर सौंदर्यप्रसाधनांचेही काम पाहते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत शिसे, आर्सेनिक व पारा यांची तपासणी ऑर्डर घेण्याआधी करून घ्यावी, नंतर नव्हे.

खरी अडचण येते ती माणसाची. युरोपात प्रत्येक वस्तूमागे तेथेच राहणारी एक 'जबाबदार व्यक्ती' लागते. तिचे नाव व पत्ता डब्यावर छापावा लागतो, पात्र तज्ज्ञाचा सुरक्षा अहवाल तिच्याकडे असावा लागतो आणि शेवटच्या घाण्यानंतर १० वर्षे ती फाईल तिने सांभाळायची असते. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावर २०२१ पासून तेथे स्वतंत्र नोंदणी व ब्रिटनमधलीच जबाबदार व्यक्ती लागते, आणि माल आयात करणारा दुकानदार आपोआप तीच व्यक्ती ठरतो. लंडनहून दोनशे कोन मागणाऱ्या नातेवाईकाला म्हणूनच आधी एवढे विचारावे : "डब्यावर तुमचे नाव आणि घरचा पत्ता छापू का?"