नोकरकपातीची झळ : हिंजवडी व परिसर

मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण व मारुंजी ही मूळची शेतीची गावे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारल्यानंतर त्यांचे अर्थकारण शेताकडून खोलीभाड्याकडे वळले. कोणी भाड्यासाठी इमारती बांधल्या, कोणी कर्ज काढून मोटारी घेतल्या व त्या कंपन्यांच्या वाहतुकीस लावल्या, कोणी खानावळी काढल्या. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या तरुण अभियंत्याचा पगार दरमहा अशा चार घरांत वाटला जातो.

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या सुमारे ६ लाख १३ हजार कर्मचाऱ्यांपैकी २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. हिंजवडीत या कंपनीचे मोठे केंद्र आहे. कपातीचा रोख मधल्या व वरच्या श्रेणींवर होता. या वयाचा माणूस बहुधा घराचे हप्ते आणि मुलांची शाळा यांनी बांधलेला असतो. तो लगेच गाव सोडत नाही, खर्च आखडतो, आणि पहिली गदा घरकाम करणाऱ्या बाईवर येते. नवी भरती थांबली की खोल्या ओस पडतात. ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते. भाडेकरू नाही म्हणून ती चुकत नाही.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीनुसार कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनःकौशल्य निधीत भरावयाची असून ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची आहे. तरतूद स्वागतार्ह खरी. तथापि व्यवस्थापकीय पदावरील व्यक्ती ‘कामगार’ या व्याख्येत येत नाही. शिवाय स्वखुशीचा राजीनामा कायद्याने कपात ठरत नाही, आणि या क्षेत्रात पुष्कळदा निरोप दिला जातो तो राजीनाम्याच्याच कागदावर. सही करण्यापूर्वी हा फरक जाणणे अगत्याचे आहे. सुशिक्षितांनाही तो ठाऊक नसतो, हे विशेष.

खानावळवाली आणि मोटारीचे हप्ते फेडणारा मालक-चालक यांना मात्र ही संहिता ओळखतच नाही. त्यांना कोणी कामावरून काढीत नाही. गिऱ्हाईक येईनासे होते, एवढेच. कपातीच्या आकड्यांत त्यांची गणना नसते. बंद खोल्या व उठलेल्या खानावळी प्रथम दिसतात त्या घरपट्टीच्या वसुलीसाठी दारोदार फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला. त्याने वसुलीबरोबर त्यांचीही नोंद ठेवली, तर तालुक्याला निदान झळ कोठवर पोचली ते कळेल.