तक्त्यांकडून विकीकडे : संस्थेच्या नोंदींचा एक धडा

दि. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लिहिले गेले. ती ओळ जपली गेली, म्हणूनच २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. नोंदीचे मोल आणखी काय सांगावे?

आमच्या संस्थेच्या नोंदी मात्र विखुरलेल्या होत्या. सातारा व सांगली शाखांनी शिष्यवृत्तीचे तक्ते गूगल शीटवर केले, पुढे त्यांच्या प्रती निघाल्या. एका प्रतीत एका विद्यार्थिनीच्या नावापुढे 'मंजूर' होते, दुसरीत तोच रकाना रिकामा. वसतिगृहाची फी भरण्याची मुदत टळली. अखेर सभासदांनी वर्गणी काढून फी भरली. परंतु दरवेळी वर्गणी हा उपाय नव्हे. चूक कोणा एकाची नव्हती. खरी प्रत कोणती, हेच ठरलेले नव्हते. म्हणून आम्ही विकीचा मार्ग स्वीकारला.

विकी म्हणजे सर्वांनी मिळून लिहावयाची वही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी ती १९९५ मध्ये प्रथम सुरू केली. हवाई भाषेत 'विकी' म्हणजे जलद. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद येथे राहते. वाईस तयार झालेल्या मराठी विश्वकोशात नोंदीअखेर 'पहा' म्हणून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखविलेले असते. विकीतील दुवा तेच काम करतो.

तक्ते हलविताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) प्रथम सर्व प्रती ताडून एकच अधिकृत ठरवावी.
२) जमाखर्च शीटमध्येच ठेवावा. साध्या विकी-तक्त्यात बेरजेची सूत्रे चालत नाहीत. विकीवर त्याचा दुवा द्यावा.
३) माहितीचा तक्ता सीएसव्ही स्वरूपात, यूटीएफ-८ मध्ये उतरवावा, अन्यथा देवनागरी अक्षरांचा गोंधळ होतो.
४) रकाने जसेच्या तसे ओतू नयेत. एका योजनेस एक पान करावे : पात्रता, कागदपत्रे, अंतिम तारीख, जबाबदार कार्यकर्ता.
५) फोन क्रमांक, उत्पन्नाचे व जातीचे दाखले विकीवर ठेवू नयेत, तेथे केवळ अर्ज क्रमांक असावा.
६) जुना तक्ता बदलासाठी बंद करून त्याच्या पहिल्या ओळीत नव्या पानाचा दुवा लिहावा.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुम्ही हाती घ्यावे. तुम्ही वेळेवर भरलेल्या एका ओळीवर कोणाचे तरी शिक्षण अवलंबून असते, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत.